दोन्ही सुनांचं औषध

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाला सासूबाई खुर्चीतून कोसळल्या, आणि बारा वाजायच्या आत अख्ख्या रुग्णालयाने गुन्हेगार ठरवूनही टाकला. गुन्हेगार म्हणजे त्यांची धाकटी सून आणि विष म्हणजे तिचा काढा. पुरावा कुणी मागितला नाही, कारण गोष्ट ऐकायला फार छान जुळत होती.

थोरल्या सुनेला बातमी कळली ती फार्मसीच्या खिडकीत. ती त्या रुग्णालयाची मुख्य फार्मासिस्ट. सव्वीस वर्षं तिने त्या काचेमागे काढली होती आणि त्या काळात एकाही माणसाला चुकीची गोळी दिली नव्हती, हे ती स्वतःच अधूनमधून सांगायची. हातातली चिठ्ठी तशीच टाकून ती तीन जिने चढून हृदयविभागात गेली. सासूबाईंच्या छातीवर तारा लावल्या होत्या आणि यंत्रावरची रेघ वेडीवाकडी नाचत होती.

हृदयाचे डॉक्टर तिथेच होते. त्यांनी थोडक्यात सांगितलं. सासूबाईंना हृदयाची एक गोळी चालू होती आणि अंगातलं जादा पाणी काढायची दुसरी. दोन्ही जुन्याच, मात्रा तीच. पण रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलं होतं, आणि पोटॅशियम कमी झालं की तीच हृदयाची गोळी अंगावर उलटते. शिवाय रक्तदाब चढलेला, पायांना सूज. त्यांच्या दोन गोळ्यांनी हे सगळं एकत्र होत नाही, असं ते म्हणाले, आणि मग सावकाश विचारलं, "बाहेरचं काही घेत होत्या का?"

थोरलीने डोळे पुसले. सासूबाईंवर तिचा जीव होता, याबद्दल शंका नको. पण डोळे पुसता पुसता तिच्या मनात आलं, की आता धाकटीचं काय होणार? आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नात काळजीचा लवलेश नव्हता.

"हो," ती म्हणाली, "काढा घेत होत्या."

२

दुपारी अधीक्षकांनी तिला खोलीत बोलावून चौकशी तिच्यावरच सोपवली. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचं काम तसंही तिचंच होतं. शुक्रवारी चारला संचालक मंडळाची बैठक होती, आणि वनौषधी विभाग चालू ठेवायचा की कुलूप लावायचं हे तिच्या अहवालावर ठरणार होतं.

"पण ती माझी जाऊ आहे," थोरली म्हणाली. तसं म्हणायची रीत असते म्हणून.

"म्हणूनच तर," अधीक्षक म्हणाले. "तुम्ही तिला पाठीशी घालाल असं या इमारतीत कुणीही म्हणणार नाही."

थोरलीला हे लागलं, पण चूक काढता येईना. सगळ्यांना ठाऊकच होतं ते. तीन वर्षांपूर्वी धाकटी इथे वैद्य म्हणून आली तेव्हा तिला मागच्या बाजूच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या, जिथे पूर्वी चादरी धुवायचे. थोरलीनेच तिला सगळ्यांशी ओळख करून दिली होती, मोठेपणाने, खांद्यावर हात ठेवून. वर्षभरात त्या दोन खोल्यांसमोरची रांग जिन्यापर्यंत आली. दुसऱ्या वर्षी लोक फार्मसीतून गोळ्या घ्यायचे आणि त्या हातात धरूनच मागे जायचे, वैद्यबाईंना विचारून घ्यायला. हृदयाच्या डॉक्टरांचेही पेशंट जायचे. त्यामुळे त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या होत्याच. नव्या यंत्रासाठी त्यांना त्या खोल्याही हव्या होत्या.

थोरलीने मग एक नियम काढला. वनौषधी विभागातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर आत काय काय आहे ते वजनासकट लिहायचं. रुग्णांच्या सुरक्षेसाठी, असं तिने बैठकीत सांगितलं. खरं म्हणजे इतकी कटकट मागे लावली की धाकटी टेकीला येईल, असा तिचा हिशेब होता. धाकटी टेकीला आली नाही. रोज संध्याकाळी तासभर बसून लेबलं लिहू लागली, आणि तिचं अक्षरही मेलं सुंदर होतं.

घरीही तीच गत. एकाच इमारतीत सासूबाई तळमजल्यावर, वर दोन्ही मुलगे सुनांसकट. सासूबाईंना कोरडा खोकला लागला तसा धाकटीचा काढा सुरू झाला, आणि येणाऱ्या जाणाऱ्यापुढे त्याचं कौतुकही. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मग तिने फार्मसीतल्या खोकल्याच्या चघळायच्या गोळ्यांचा डबा नेऊन दिला. फार्मसीचं आपलं छापील लेबल असलेला साधा पत्र्याचा डबा: गोळीचं नाव, वापरायची रीत, खाली फार्मसीचा शिक्का. पंधरा दिवसांत सासूबाईंनी दुसरा मागितला, मग आठच दिवसांत तिसरा, आणि पुढे दर आठवड्याला एक. तिसऱ्या डब्याच्या वेळी थोरली जिना चढली ती गुणगुणत. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी आपणहून तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

अधीक्षकांच्या खोलीतून ती निघाली ती सरळ मागच्या बाजूला. पोटॅशियम खाली ओढणारी, रक्तदाब चढवणारी आणि पायात पाणी साठवणारी एक वनस्पती तिला चांगली माहीत होती. ज्येष्ठमध. जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हेच सगळं होतं, आणि धाकटीच्या फळीवर त्याची बरणी होती.

३

धाकटी टेबलाशी बसली होती. समोरची रांग आज गायब होती. वाईट बातमीला पाय लवकर फुटतात. थोरलीने नमस्कार चमत्कार न करता आईंच्या काढ्यात काय आहे ते विचारलं.

धाकटीने बाटली आणि वही दोन्ही पुढे ठेवलं. आलं, पुदिना, बडीशेप, अडुळसा. प्रत्येकापुढे वजन, तारीख, सही. सगळं त्या सुंदर अक्षरात.

"ज्येष्ठमध?"

"हृदयाच्या माणसाला मी ज्येष्ठमध देत नाही, जाऊबाई. हे तुम्हाला माहीत आहे."

थोरलीला ते माहीत होतं, आणि ऐकायचं नव्हतं. तिने फळीवरची बरणी काढून तागडीवर ठेवली. वहीप्रमाणे आत दोन किलो हवं होतं. भरलं सोळाशे ग्रॅम. थोरलीने पुन्हा मोजलं, बरणीचं वजन वगळून, नीट. सोळाशेच. धाकटीचा चेहरा पांढरा पडला, आणि थोरलीने तो पडताना मन भरून पाहिला.

"हे चारशे ग्रॅम कुठे गेलं?"

"मला खरंच माहीत नाही." धाकटीने बरणी उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "जाऊबाई, एक सांगू?"

"सांग."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. "नको. तुम्ही लेखी विचारा. मी लेखी उत्तर देते."

दोषी माणसं असंच बोलतात, असं थोरलीने ठरवून टाकलं. निघताना तिने तिथल्या तिथे हुकूम काढला, की चौकशी संपेपर्यंत धाकटीने सासूबाईंच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, काढा बंद, आणि खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद दारावरच्या नर्सने ठेवायची. काढ्याची बाटली आणि सासूबाईंच्या लघवीचा नमुना तिने त्याच दुपारी बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवला, ज्येष्ठमधाचा अंश तपासायला.

४

बुधवारी संध्याकाळी लॅबचा निरोप आला. लघवीत ज्येष्ठमधाचा अंश होता, आणि भरपूर होता. थोरलीने मूठ वळली. मग तिने कागद उलटला. काढ्याच्या बाटलीत ज्येष्ठमध नव्हतं. कणभरही नव्हतं.

माणसाला हवं ते निम्मंच मिळालं की उरलेल्या निम्म्याचा राग जास्त येतो. ही बाटली चांगली असेल, आधीच्या बाटल्यांचं काय, असं तिने मनाशी म्हटलं. चारशे ग्रॅम हवेत तर विरघळलं नाही ना!

काढे उकळायचं काम एका म्हाताऱ्या काकांकडे होतं. सगळे त्यांना काढेवाले काका म्हणायचे. गुरुवारी सकाळी थोरलीने त्यांना एकटं गाठलं. बरणीचं नाव काढताच काका गडबडले, झारा खाली ठेवला, पुन्हा उचलला. आता हा सांगणार, की वैद्यबाईंनी सांगितलं म्हणून घातलं.

काकांनी खिशात हात घालून ज्येष्ठमधाच्या चार काड्या काढल्या. दोन चघळून पिंजलेल्या होत्या.

"सिगरेट सोडली मॅडम," ते खाली मान घालून म्हणाले. "तोंडात काहीतरी लागतं. वैद्यबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आधी रक्तदाब तपासा."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी सिगरेटशिवायचा प्रत्येक दिवस फुलीने खोडला होता. चाळीस फुल्या. दिवसाला दहाएक ग्रॅम काड्या लागतात, असं ते म्हणाले. थोरलीला हिशेब कागदावर मांडायचीही गरज पडली नाही. तरी तिने हट्टाने त्यांना खाली नेऊन रक्तदाब मोजायला लावला, खोटं बोलत असतील तर कळेल म्हणून. तो एकशे बहात्तर भरला, आणि काकांना तिथेच बसवून ठेवलं.

म्हणजे काका खरं बोलत होते. बरणीतलं ज्येष्ठमध काकांच्या पोटात गेलं होतं. मग सासूबाईंच्या पोटातलं आलं कुठून?

५

घरी सासूबाईंची देखभाल करायला एक बाई असे, सकाळी आठ ते रात्री आठ. थोरलीने तिला फार्मसीच्या मागच्या खोलीत बसवून तासभर उलटसुलट विचारलं. बाई बोलायला मोकळी होती आणि घाबरलेली मुळीच नव्हती. गोळ्यांचा खणाखणांचा डबा तिने सोबतच आणला होता. सोमवारपर्यंतचे खण रिकामे, पुढचे भरलेले, एकही गोळी मागेपुढे नाही. काढा दोन वेळा, दोन चमचे. बाटलीतली पातळी त्याच्याशी बरोबर जुळत होती. घरात दुसरं कुणी येत नव्हतं.

"दुसरं काही खायला प्यायला?"

"नाही हो ताई. जेवण मी करते, मीठसुद्धा मोजून. आणि आजी दोन्ही सुनांचं सगळं घेतात. कुणाचं म्हणून परत करत नाहीत. बिचाऱ्या."

थोरलीला त्यातलं 'बिचाऱ्या' खटकलं, बाकीचं तिने ऐकून सोडून दिलं.

हृदयाच्या डॉक्टरांनाही तिने सोडलं नाही. विभाग बंद पडावा असं त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला वाटत नव्हतं, निदान उघडपणे. पण त्यांच्या चिठ्ठ्या, तिच्याच फार्मसीतल्या नोंदी, लॅबने मोजलेली गोळीची रक्तातली पातळी, सगळं स्वच्छ होतं. डॉक्टर चिडलेही नाहीत. उलट त्यांनी स्वतःहून त्याच सकाळी सासूबाईंच्या लघवीचा दुसरा नमुना लॅबला पाठवला होता. काढा बंद होऊन दोन दिवस झाले, आता ज्येष्ठमधाचा अंश कमी झालेला दिसेल, म्हणजे काढ्यावरच शिक्कामोर्तब, असं त्यांचं म्हणणं. बाटलीच्या निकालाकडे त्यांनीही काणाडोळा केला होता. थोरलीला तो माणूस त्या दिवशी एकदम समजूतदार वाटला.

संध्याकाळी ती सासूबाईंजवळ जाऊन बसली. त्यांना बोलता येत होतं, पण पोटॅशियमची सलाईन कितीही दिली तरी आकडा वर चढून पुन्हा घसरत होता. धाकटी दिसली नाही कुठे, असं त्यांनी विचारलं. कामात असेल, असं थोरलीने सांगितलं. मग सासूबाईंनी उशीखालचा डबा काढून हलवून दाखवला. मंगळवारी संध्याकाळी थोरलीनेच तो आणून दिला होता, तोंड कोरडं पडतं म्हणून.

"संपत आल्यात बघ. इथे वेळ जात नाही."

थोरलीने खाली जाऊन डबा काठोकाठ भरून आणला. सासूबाईंनी लगेच एक गोळी तोंडात टाकली आणि तिच्या हातावर हात ठेवला. धाकटीला हे दिसायला हवं होतं, असं थोरलीला वाटलं.

शुक्रवारी बाराला लॅबचा दुसरा कागद आला. ज्येष्ठमधाचा अंश कमी झाला नव्हता. तो दीडपट झाला होता.

६

थोरलीने दार लावून घेतलं आणि कोरा कागद पुढे ओढला. बैठकीला चार तास होते.

ज्येष्ठमधाचा परिणाम अंगात बरेच दिवस रेंगाळतो, हे खरं. पण खाणं थांबलं की लघवीतला अंश उतरायलाच हवा. तो चढला, म्हणजे सासूबाईंच्या पोटात ज्येष्ठमध अजून जात होतं. मंगळवार संध्याकाळपासून, या इमारतीत, दारावर नर्स बसवलेली असताना.

प्रथम तिला वाटलं तेच, की धाकटीने कुणाच्या तरी हातून आत काही पोचवलं. तिने दारावरची नोंद मागवली. तीन दिवसांत आत गेलेले लोक: दोन नर्स, हृदयाचे डॉक्टर, सफाईवाली बाई, दोन्ही मुलगे एकेकदा, रिकाम्या हातांनी. धाकटी एकदाही नाही. थोरली, नऊ वेळा.

माणसं बाजूला ठेवून तिने वस्तू लिहायला घेतल्या. तिला तीच सवय होती. माणसं काहीही सांगतात. सलाईन बंद पिशवीतलं. गोळ्या तिच्या डोळ्यांसमोर मोजलेल्या. जेवण सगळ्या वॉर्डाला एकाच पातेल्यातलं, आणि बाकी कुणाचंही पोटॅशियम घसरलं नव्हतं. पाणी तेच. काढा नाही. घरून काही नाही. घरी जात होतं आणि इथेही जातंय, आणि घरच्यापेक्षा इथे जास्त जातंय, असं काय आहे?

तिने पेन खाली ठेवलं. वेळ जात नाही, सासूबाई म्हणाल्या होत्या.

पायऱ्या उतरताना ती स्वतःशी भांडत होती. त्या गोळ्यांत मध आणि पुदिना असतो. बारा वर्षं ती त्याच देत आली होती, आतला मजकूर तिला पाठ होता. पण जुनी कंपनी बंद झाल्याला पाच महिने झाले होते. नव्या कंपनीच्या गोळ्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून सुट्या यायच्या, आणि फार्मसीतली माणसं त्या डब्यांत भरून फार्मसीचं लेबल डकवायची. लेबल तेच, बारा वर्षांपूर्वीचं. त्यावर आत काय आहे हे लिहिलेलं नव्हतंच कधी. तो नियम फक्त मागच्या दोन खोल्यांना लावला होता.

गोदामातल्या खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात मजकूर होता. साखरेऐवजी गोडीसाठी ज्येष्ठमधाचा अर्क. पुढे टक्केवारी. पुढे इशारा, की हृदयरोग्यांनी घेऊ नये, दिवसाला चारपेक्षा जास्त नकोत. खोक्यासोबत आलेल्या तपासणीच्या कागदावर 'मजकूर वाचला, मान्य' असं छापलेलं होतं, आणि त्याखाली तिची सही होती.

तिने सगळ्या डब्यांच्या तारखा आठवल्या आणि दिवसाला किती गोळ्या पडतात ते काढलं. घरी बारा. वॉर्डात वीस.

७

आता पुढचं नीट ऐका, कारण चौकशी संपली होती आणि खरी अडचण सुरू झाली होती.

दुपारचा एक वाजला होता. तिने वर जाऊन उशीखालचा डबा उचलला असता, तर आठवड्याभरात सासूबाई बऱ्या झाल्या असत्या. सगळ्यांनी म्हटलं असतं, काढा बंद केला म्हणून बऱ्या झाल्या. बाटलीत ज्येष्ठमध सापडलं नाही ही गोष्ट तिच्या टेबलावरच्या एका कागदावर होती, आणि मंडळातल्या कुणी तो मागितला नसता. कुणाला शिक्षा होणार नव्हती. फक्त मागच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं असतं, जे तिला तीन वर्षं हवं होतं. तिने हे सगळं एका दमात पाहिलं, अगदी स्पष्ट, आणि तिला मोह झाला. झाला नाही असं ती पुढेही कधी म्हणाली नाही.

ती वर गेली. सासूबाई जाग्या होत्या. तिने डबा हातात घेतला आणि सांगितलं, की या गोळ्यांनीच तुम्हाला मरणाच्या दारात नेलं होतं. काढ्याने नाही.

सासूबाई दचकल्या नाहीत. जराशा ओशाळल्या.

"अगं, धाकटी म्हणाली होती तसं," त्या म्हणाल्या. "महिना झाला असेल. एक तोंडात टाकून बघितली न् म्हणाली, आई, यात ज्येष्ठमध आहे, तुम्हाला चालायचं नाही, बंद करा."

"मग बंद का नाही केल्यात?"

"मला वाटलं, ती जळते तुझ्यावर. मी तुझ्या गोळ्या घेते म्हणून." सासूबाईंनी तिचा हात चाचपला. "तुला कशाला वाईट वाटायला लावायचं, म्हणून तुझ्याजवळ बोलले नाही. दोघींचं घेत राहिले."

आणि त्या घडीला, हातात तो डबा असताना, थोरलीला आनंद झाला. धाकटी जळत होती. तिच्यावर! हा आनंद जेमतेम एक श्वासभर टिकला, पण तो झाला हे तिला कळलं, आणि त्यानंतर तिला त्या खोलीत उभं राहवेना. डॉक्टरांना आणि नर्सला खोक्यावरचा मजकूर दाखवून तिने डबा त्यांच्या ताब्यात दिला, आणि अहवाल लिहायला खाली गेली.

चार वाजता तिने तो मंडळापुढे वाचला. काढा निर्दोष. वनौषधी विभागातल्या बाटल्यांवर सगळं लिहिलेलं असल्यामुळेच ते इतक्या लवकर सिद्ध झालं. दोष फार्मसीतल्या गोळ्यांचा, त्यांचा मजकूर न वाचता सही करणाऱ्या मुख्य फार्मासिस्टचा, आणि त्या रुग्णाच्या हाती देणारीही तीच. सगळे डबे आजच परत मागवावेत. यापुढे वनस्पती कुठल्याही खिडकीतून बाहेर जावो, नियम एकच असावा. आणि तिच्याबद्दल काय करायचं ते मंडळाने ठरवावं. अधीक्षकांनी दोनदा खाकरलं. विभाग चालू राहिला, आणि फार्मसीचा कारभार त्याच बैठकीत तिच्याकडून काढून घेतला गेला.

मग ती मागच्या बाजूला गेली. धाकटी फळीवरच्या बरण्या पुसत होती. बैठकीची बातमी तिला कळलेली होती. या इमारतीत बातमी माणसाच्या आधी जिना उतरते. तिने खुर्ची पुढे सरकवली, पण थोरली बसली नाही.

"तुला महिन्यापूर्वीच माहीत होतं."

"हो."

"मंगळवारी 'एक सांगू?' म्हणालीस, आणि थांबलीस."

"बरणीत चारशे ग्रॅम कमी भरलं होतं, आणि मी तुमच्या डब्याकडे बोट दाखवायचं? कुणाला खरं वाटलं असतं?" धाकटीने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "आणि मला वाटलं होतं, डबा घरी राहिलाय. तो वॉर्डात गेलाय हे मला कळलंच नाही. तुम्ही मला आत येऊ दिलं नाहीत."

थोरलीने विचारलं, "पण त्याआधी? एकदा सांगून गप्प का बसलीस? आईंनी बंद केल्या नाहीत हे तुला दिसत होतं. तू वैद्य आहेस."

रांगेतले दोघंतिघं परत आले होते, दाराबाहेर खोकत उभे होते.

"तुमचा तिसरा डबा आला त्या दिवशी मी सांगितलं," ती म्हणाली. "आई सगळ्यांना डबा दाखवत होत्या. मला सहन होईना. सांगितलं ते खरंच होतं, जाऊबाई, पण सांगताना मला फार बरं वाटलं. आईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की त्यांना ते कळलंय. त्यानंतर दुसऱ्यांदा सांगायला जीभच रेटेना."

तिचे डोळे भरून आले होते. थोरलीने ते पाहिलं आणि या वेळी तिला त्यात काही गोड लागलं नाही.

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली.

"तुम्ही ऐकलं असतंत?"

थोरली अजून उभीच होती. 'हो' म्हणणं सोपं होतं, आणि धाकटीने ते निमूट मानूनही घेतलं असतं.

"नाही," थोरली म्हणाली, आणि मग ती खुर्चीत बसली.